कपाटाइतकी स्पष्ट

शलाका कोठावदे सोफ्यावर टेकल्याच नाहीत. चपला दाराशी काढल्या, पाण्याचा पेला नुसता हातात धरला आणि सरळ खिडकीजवळच्या मनी प्लांटपाशी जाऊन उभ्या राहिल्या. मुलगी बघायला आलेली बाई आधी झाड बघते, याचं आता नाशिकमध्ये कोणाला नवल राहिलं नव्हतं.

"वरची पानं नकोत हं, कांचनताई. ती कालची पोरं. मला खालचं द्या. जुनं."

"हवं ते घ्या की," कांचन अमृतकर म्हणाली. "आमच्याकडे झाकायला काही नाही. फार तर आमचे हे बनियनवर बसलेले दिसतील."

मिलिंद आतल्या खोलीतून शर्टाची बटणं लावत येत होता, तो तसाच परत फिरला. मृण्मयी, घरातली मिनू, खुदकन हसली. शलाकाबाईंनी चाळणीत खडे शोधावेत तसं झाड निरखलं आणि सगळ्यात खालचं, तळहाताएवढं पान देठासकट खुडून पाकिटात घातलं. पाकिटावर दोघींनी सह्या केल्या. मग कुठे त्या बसल्या आणि कांद्याच्या भज्यांना हात लावला.

"आणि तुमच्याकडचं पान?" मृण्मयीने विचारलं.

"अगं, आमच्याकडे सगळी प्लास्टिकची. महिन्यातून एकदा फडकं मारलं की झालं."

कांचनने मुलीला डोळ्यांनी गप्प केलं. ओजस कोठावदे हे स्थळ तिने स्वतःच्या मुलीसाठी तीन वर्षं बाजूला काढून ठेवलं होतं. एवढी वर्षं विवाह मंडळ चालवल्यावर स्वतःसाठी एक स्थळ राखून ठेवायचा तिला हक्क आहे, असं तिचं मत होतं.

पानांचं हे खूळ नाशिकमध्ये रुजवलं तेही तिनेच. पत्रिकेपेक्षा पान बरं, असं ती येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची. तिला स्वतःला मात्र पानाची गरज नव्हती. एका चहात घर ओळखते, ही तिची ख्याती. दाराशी चपला कशा पडल्यात, बेल वाजल्यावर आधी कोणाचा आवाज येतो, सासूने हाक मारल्यावर सून "हो" म्हणते की "आले" म्हणते, सगळं तिच्या डोक्यात जमेच्या नाहीतर नावेच्या बाजूला जाऊन बसायचं. जिना उतरेपर्यंत बेरीज तयार.

पानाचं शास्त्र तसं अवघड नाही. पानाच्या एकेका पेशीत हिरवे दाणे असतात. त्यांना हरितलवक म्हणतात. बाहेरून दुहेरी पापुद्रा, आत पातळ खिरीसारखा द्रव, आणि त्या द्रवात हिरव्या चकत्यांच्या चवडी, फडताळात ताटल्या रचून ठेवाव्यात तशा. पान हिरवं दिसतं ते या चकत्यांच्या पातळ आवरणात बसलेल्या हरितद्रव्यामुळे. तिथे उजेड पडला की पाण्याचा रेणू फुटतो, त्यातला प्राणवायू बाहेर पडतो, आणि उजेडातून कमावलेल्या शक्तीवर बाजूच्या द्रवात हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपासून साखर तयार होते. आपल्या ताटातल्या घासाचा माग काढत गेलं तर तो या चवडींपाशीच जाऊन थांबतो.

गंमत म्हणजे हा हरितलवक मुळात त्या पेशीचा नव्हेच. अब्जावधी वर्षांपूर्वी तो एक स्वतंत्र जीव होता. कुठल्याशा मोठ्या पेशीने त्याला आत घेतलं, आणि तो तिथेच राहिला. येताना स्वतःची जनुकं घेऊन आला. त्यातली बरीचशी घराने काढून घेतली, थोडी अजून त्याच्याकडे आहेत. कांचन हे भाषणात हमखास सांगायची. "म्हणजे बघा, बाहेरून आली, सगळ्यांचा स्वयंपाक अंगावर घेतला, आणि नाव मात्र झाडाचं! सूनच की हो ती." हॉलमध्ये हशा व्हायचा. सुना जरा जास्तच हसायच्या.

आता मुद्द्याचं. सावलीत वाढणाऱ्या पानात या चवडी उंच होतात, उन्हात बुटक्या राहतात. हे जुनं ज्ञान. नवं इतकंच कळलं की मनी प्लांटसारख्या झाडांच्या पानाची वरची कातडी सपाट नसते. तिची एकेक पेशी भिंगासारखी फुगीर असते आणि समोरचं दृश्य खालच्या हरितलवकांवर पाडते. पान कोवळं असताना, उलगडण्याच्या त्या दीड-दोन महिन्यांत, चवडी रचल्या जातात. समोर उजेड असेल तिथे बुटक्या, काळोख असेल तिथे उंच. एकदा रचल्या की पान गळेपर्यंत तशाच. त्यांची उंची मोजून चित्र उभं करणारं यंत्र निघालं, त्याचं नाव पर्णवाचक. लोक नुसतं "पान काढलं का?" असं विचारायचे, पत्रिका काढली का या चालीवर.

पण पान म्हणजे कॅमेरा नव्हे. त्याला प्रसंग दिसत नाही, सवय दिसते. तुम्ही एकदा भांडलात, एकदा नाचलात, पानाला पत्ता नाही. रोज त्याच जागी जे असतं तेच उमटतं. म्हणून कपाट, टीव्ही, खिडकी लख्ख येतात आणि माणसं धुरासारखी, कारण माणसं हलतात. जो जितका एका जागी, तो तितका ठळक. शिंगाडा तलावाजवळच्या एका घराने पान उलगडायला लागल्यापासून सासऱ्यांना रोज दुपारी हातात झाडू देऊन हॉलमध्ये उभं केलं होतं, घर किती पुढारलेलं आहे हे दिसावं म्हणून. पानात झाडू आला खणखणीत आणि सासरे पुसट. झाडू भिंतीला टेकवून सासरे रोज डुलकी काढायला जात होते. कांचनने ते स्थळ नापास केलं नाही. झोपाळू सासरा तिच्या हिशेबी जमेच्या बाजूला.

तर शलाकाबाई पान घेऊन गेल्या त्याच्या पाचव्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास त्या मंडळाच्या ऑफिसात आल्या. फोन न करता. कांचनने चहा सांगितला.

"चहा नको."

चहाला नाही म्हणणारी वरमाय तिने आजवर एकदाच पाहिली होती, आणि त्या लग्नाचं पुढे कोर्टात काय झालं ते तिला पाठ होतं.

शलाकाबाईंनी टेबलावर छापील चित्र ठेवलं. हिरव्या-काळ्या रंगाचं, कडा विरलेल्या. एक हॉल. एक सोफा. त्यावर धुराचा एक जाड गोळा, म्हणजे तिथे रोज कोणीतरी बसतं. एक उभं कपाट, त्याची मूठसुद्धा दिसत होती. आणि कपाटाच्या शेजारी, भिंतीकडे तोंड करून, एक बाई उभी होती.

कांचनने चष्मा काढून पुसला आणि परत लावला.

बाईच्या पाठीवर वेणी होती. वेणीचे पेड दिसत होते. हात दोन्ही बाजूंना सरळ सोडलेले होते. टाचा जुळलेल्या होत्या.

"ही पुसट का नाही?" कांचनच्या तोंडून निघालं.

"तेच विचारायला आलेय मी," शलाकाबाई म्हणाल्या. "लॅबवाल्या मुलीला मी म्हटलं, पुतळा असेल, नाहीतर हँगरला साडी. ती म्हणाली, नाही मॅडम, पावलं बघा. माणूसच आहे. कपाटाइतकी स्पष्ट यायची तर ही रोज तासन् तास अशी उभी असणार. न हलता. दोन महिने."

कांचनने चित्र जवळ ओढलं.

"तुमच्या घरात वेणी कोण घालतं, कांचनताई?"

"मिनू घालते."

"हं," शलाकाबाई म्हणाल्या. "म्हणून मी ओजसला अजून दाखवलेलं नाही. मुलीला काही त्रास आहे का? आजार? की तुम्ही... म्हणजे घरातली शिस्त वगैरे..."

"शलाकाताई!"

"मला संध्याकाळपर्यंत सांगा. नाहीतर मी आपली नम्रपणे नाही कळवते. कारण विचारलं लोकांनी तर मी खोटं नाही बोलणार."

जिन्यावर त्यांच्या चपलांचा आवाज विरेपर्यंत कांचन चित्राकडे बघत बसली. मग ऑफिस उघडं टाकून तशीच घरी निघाली.

रिक्षात तिच्या मनात जे आलं त्याची तिला लाज वाटली, पण ते आलं. आपण दिवसभर ऑफिसात. मिलिंद निवृत्त, घरी. मिनूचं काम घरूनच. दुपारी त्या घरात काय चालतं, हे आपण कधी पाहिलंय? दुसऱ्यांची घरं एका चहात ओळखणाऱ्या बाईने स्वतःच्या घरात दुपारचा चहा कितीतरी महिन्यांत घेतलेला नव्हता.

मिलिंद पेपर वाचत होता. तिने चित्र त्याच्या पुढ्यात धरलं.

"दुपारी इथे कोण उभं असतं?"

"कुठे?"

"इथे. भिंतीकडे तोंड करून. मिलिंद, खरं सांग. तू मिनूला काही बोलतोस? तिला काही होतंय का?"

मिलिंदने चित्राकडे पाहिलं, मग बायकोकडे. त्याचा चेहरा असा झाला की कांचनला आपला प्रश्न परत घ्यावासा वाटला. आतून मृण्मयी आली. तिने चित्र हातात घेतलं.

"आई, तू बाबांना हे विचारलंस?"

"मला काही सुचेना गं."

"हे आपलं घर नाहीये."

"लॅबवाले म्हणतात डावं-उजवं उलटं येतं कधीकधी, म्हणून मी..."

"डावं-उजवं राहू दे. हे बघ काय टांगलंय तिच्या डोक्यावर." मृण्मयीने बोट ठेवलं. "लामणदिवा. आपल्याकडे कुठाय लामणदिवा?"

कांचनने चित्र खिडकीपाशी नेलं. खरंच. बाईच्या डोक्याच्या वर, साखळीला टांगलेला, मोराचा लामणदिवा. मोराचा पिसारा एका बाजूला जरा वाकलेला. तो दिवा ती ओळखत होती. तांबटाकडून घाऊक करून घेतलेला, साच्यातच वाकडा आलेला. मंडळाने जमवलेल्या प्रत्येक लग्नात ती तोच दिवा आहेर करायची. नाशिक, धुळे, जळगाव, घरोघरी तो वाकडा मोर लटकत होता.

"म्हणजे माझंच एखादं लग्न," ती हळूच म्हणाली.

"आई, हे झाड कुठून आणलंस तू?"

"कुठून म्हणजे? मनी प्लांट विकत घेतात का कोणी? मागूनही घेत नाहीत. चोरून आणायचं असतं, तरच ते..."

ती बोलायची थांबली.

कटिंग चोरून आणलं की त्याचं सगळ्यात खालचं पान ते आपल्याबरोबर आलेलं असतं. वरची सगळी आपल्या घरात उगवलेली. खालचं मात्र जिथून आणलं तिथे उलगडलेलं. शेकडो घरांना पानाचे नियम शिकवणाऱ्या कांचन अमृतकरने ही एवढीशी गोष्ट ध्यानात घेतली नव्हती. चोरलेल्या झाडाचा विचार कोण करतो? ती चोरी थोडीच असते, तो तर शकुन!

"नेरकर," ती म्हणाली. आणि खाली बसली.

गार्गी. एम.एस्सी. वनस्पतिशास्त्र. परिचयपत्रात पुढे "नोकरीची अपेक्षा नाही" हे कांचनने स्वतः घातलं होतं, तेवढ्याने स्थळं जास्त येतात म्हणून. मुलगा निषाद, एकुलता एक, शांत. सासू सुरेखा नेरकर, निवृत्त मुख्याध्यापिका. शिस्तीचं घर. जमेची बाजू भरून वाहत होती.

लग्न होऊन वर्ष झालं की कांचन प्रत्येक जोडप्याकडे चहाला जायची, फोटो काढून मंडळाच्या भिंतीवर लावायची. नेरकरांकडे ती गेल्या वर्षी गेली होती, तेही गार्गीचा फोन आला म्हणून. "काकू, एकदा घरी येऊन जा ना," एवढंच ती म्हणाली होती. घर आरशासारखं होतं. सुरेखाबाईंनी स्वतः चहा केला, सुनेला हात लावू दिला नाही. ही गोष्ट कांचनने लगेच जमेला धरली. गार्गी कपाटाजवळ उभी होती.

"अगं बस की," कांचन म्हणाली होती. "शिक्षा झाल्यासारखी काय उभी!"

सगळे हसले होते. सुरेखाबाई तर डोळे पुसेपर्यंत हसल्या. गार्गी म्हणाली होती, "मला उभंच बरं वाटतं, काकू."

निघताना सुरेखाबाई हळदीकुंकू आणायला आत गेल्या. शेल्फवरचं मनी प्लांट छान फोफावलं होतं. कांचनचा हात तिकडे गेला, तेवढ्यात गार्गी पुटपुटली, "काकू, त्या टोकाचं घ्या. तिथलं पान मोठं आहे." आणि मग, चोरी बघायची नसते म्हणून, तिने पाठ फिरवली. भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. कांचनला तेव्हा ते फार गोड वाटलं होतं.

कांचन उठली. मोरीपाशी जाऊन तिने तोंडावर पाणी मारलं.

"आई, पोलिसांना फोन करू?" मृण्मयी.

"काय सांगशील? पानात दिसलं म्हणून? पान कोर्टात चालत नाही. आणि कुणकुण लागली तर संध्याकाळच्या आत ते कपाट हललेलं असेल." तिने पदराने तोंड पुसलं, फोन उचलला आणि शलाकाबाईंना लावला. "शलाकाताई, उत्तर देते. पण फोनवर नाही. माझ्याबरोबर एके ठिकाणी चहाला चला. आत्ता."

"आत्ता? कोणाकडे?"

"ज्या घरचं पान तुम्ही खुडलंत त्या घरी."

गंगापूर रोडवरच्या त्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये शलाकाबाईंनी विचारलं, "आणि तिथे काहीच नसलं तर?"

"तर माझं हसं होईल. मंडळ बंद करीन."

"आणि असलं तर?"

"तरी बंदच करावं लागेल बहुतेक," कांचन म्हणाली. शलाकाबाईंनी तिच्याकडे पहिल्यांदाच जरा नीट पाहिलं.

बेल वाजली. आतून लगेच सुरेखाबाईंचा खणखणीत आवाज आला, "कोण?" मग दार उघडलं. फिकट साडी, नीटनेटका अंबाडा, हसरा चेहरा.

"अय्या, कांचनताई! न कळवता?"

"या शलाका कोठावदे. आमच्या होणाऱ्या विहीणबाई. म्हटलं, एक आदर्श घर दाखवून आणते."

हॉल तसाच होता. सोफा, टीव्ही, वाकडा मोर. टीव्हीवर बातम्या चालू होत्या, समोर सुरेखाबाईंचा चहाचा कप अर्धा झालेला. आणि कपाटाशेजारी, भिंतीकडे तोंड करून, गार्गी उभी होती. वेणी पाठीवर. टाचा जुळलेल्या.

बेल वाजून दार उघडून दोन बायका आत आल्या, तरी ती वळली नव्हती.

शलाकाबाईंच्या हातातली पर्स खाली पडली. ती उचलायचंही त्यांना सुचलं नाही.

"गार्गी, पाणी आण," सुरेखाबाई सहज म्हणाल्या. मग पाहुण्यांकडे वळून, "ध्यान करते हो ती या वेळी. मन एकाग्र होतं. मी शाळेत हजारो मुलं अशीच वळणावर आणली."

गार्गी वळली. कांचनला पाहून तिच्या चेहऱ्यावर काहीच आलं नाही. ती पाणी आणायला निघाली, आणि पहिली दोन पावलं तिने कपाटाला धरून टाकली, पाय बधिर झालेल्या माणसासारखी.

ती बाजूला झाली तेव्हा कांचनला भिंत दिसली. कपाळाच्या उंचीवर एक डाग होता. गोल, तेलकट, हाताच्या पंजाएवढा. रोज एकाच जागी कपाळ टेकून टेकून रंग गेलेला.

हा डाग तिने मागच्या वेळीही पाहिला होता. नक्की पाहिला होता. चहा पिताना तिच्या चोख डोक्यात त्याची नोंदही झाली होती. घर उत्तम, माणसं उत्तम, भिंतीला रंग द्यायला झालाय, तेवढंच नावे.

"गार्गी," कांचन म्हणाली. "पाणी राहू दे. चप्पल घाल."

"म्हणजे?" सुरेखाबाई.

"मी हिला घेऊन जातेय."

"कांचनताई, काय बोलताय तुम्ही! आमची सून आहे ती. गार्गी, सांग त्यांना. मी कधी हात उगारलाय तुझ्यावर? आवाज चढवलाय?"

"नाही," गार्गी म्हणाली. आणि ते खरं होतं, हे ऐकूनच कळत होतं. "आई कधीच ओरडत नाहीत. फक्त भिंतीकडे बघतात."

"बघा!" सुरेखाबाई म्हणाल्या. "ऐकलंत?"

"ऐकलं," शलाका कोठावदे म्हणाल्या. त्यांनी पर्स उचलली, फोन काढला आणि शांतपणे भिंतीचा, कपाटाचा, डागाचा एकेक फोटो घेतला. शेवटचा सुरेखाबाईंचा. "मी बाहेरची बाई आहे, नेरकरबाई. मला कोणाची भीड नाही. तिला जाऊ द्या, नाहीतर हे फोटो घेऊन मी तुमच्या सोसायटीच्या दारोदार चहाला जाईन."

गार्गीने चप्पल घातली. दाराशी ती अडखळली, वळली, आणि सासूकडे पाहून म्हणाली, "जाऊ?"

कांचनने तिचा हात धरून तिला बाहेर काढलं.

शलाकाबाईंच्या गाडीत गार्गी मागे बसली, काचेला चिकटून. गाडी रस्त्याला लागली. मग तीच म्हणाली, "फार दिवस लागले, काकू."

"तू मुद्दाम दिलंस ते पान?"

"तेव्हा नुकतं यंत्र निघालं होतं ना. मी वाचलं होतं. वाटलं, कांचनकाकू पानांचं एवढं बोलतात, एक ना एक दिवस काढतीलच. मग ते पान उलगडत होतं तोवर रोज मी फार नीट उभी राहायचे. अजिबात हलायचे नाही. स्पष्ट यावं म्हणून."

शलाकाबाईंनी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. स्टिअरिंगवर हात ठेवून त्या समोर बघत राहिल्या.

"अगं पण बोलली का नाहीस?" कांचनला रडू फुटलं होतं. "बाबांना तरी?"

"सांगितलं होतं. बाबा म्हणाले, ते घर कांचनताईंनी बघितलंय, ते वाईट असूच शकत नाही. तूच काहीतरी चुकत असशील."

"आणि निषाद?"

"तो घरी आला की म्हणायचा, आई, बसू दे आता तिला. मग त्या बसू द्यायच्या." ती जरा थांबली. "त्याला वाटायचं, तो माझ्या बाजूचा आहे."

चार दिवसांनी शलाकाबाईंचा फोन आला. गार्गीला वकील चांगली मिळाली होती, तीही त्यांनीच गाठून दिलेली. ते बोलून झाल्यावर त्या म्हणाल्या, "मग कांचनताई, आपलं ठरवायचं ना आता? माझ्याकडून हो आहे. पान-बिन काही नको."

"पान मलाही नको. पण मिनूची एक अट आहे."

"बोला."

"ती चार दिवस तुमच्याकडे येईल. दुपारची. तुमच्याकडे बसायला जागा कुठे आहे आणि तिथे कोण बसतं, ते तिचं ती बघेल."

शलाकाबाई हसल्या, जरा ओशाळून. "येऊ दे. आमच्या सोफ्यावर सदा कपड्यांचा ढीग असतो. तो आवरू का?"

"नका आवरू," कांचन म्हणाली.

मंडळाचं ऑफिस तिने या चार दिवसांत उघडलंच नव्हतं. तिथल्या भिंतीवरचे सगळे फोटो डोळ्यांसमोर आले की आता वेगळे दिसत होते. त्यात कोण बसलंय, कोण उभं आहे, आणि उभं का आहे. एकेका घरी परत जायचं होतं. चहा न पिता.

फोन ठेवून ती हॉलमध्ये आली. दुपारचं ऊन खिडकीतून आत सरकलं होतं. मिलिंद आत झोपला होता. त्या दिवसापासून त्यांच्याकडेच राहत असलेली गार्गी सकाळी खुर्चीत बसून मृण्मयीबरोबर हसत होती, पोहे खात होती. चेहऱ्यावर थोडी टवटवी आल्यासारखी वाटली होती.

खुर्ची रिकामी होती.

गार्गी भिंतीपाशी उभी होती. तोंड भिंतीकडे, हात सरळ, टाचा जुळलेल्या. घरात तिला कोणी काही म्हटलं नव्हतं. कोणी भिंतीकडे बघितलंही नव्हतं. नुसती ती वेळ झाली होती.

कांचनची नजर खिडकीतल्या झाडावर गेली. सगळ्यात वर, हिरव्या सुरळीतून, एक नवं पान उलगडत होतं. कोवळं, ओलसर, अजून पुरतं उघडलेलंही नाही, आणि त्याचं तोंड बरोबर भिंतीकडे होतं.

तिने धावत जाऊन कुंडी दोन्ही हातांनी धरली आणि झाड खिडकीच्या बाहेरच्या बाजूला, आभाळाकडे फिरवलं. मग डायनिंगची एक खुर्ची उचलून आणली आणि गार्गीच्या शेजारी, भिंतीला पाठ लावून ठेवली. तिच्यावर स्वतः बसली. शेजारी दुसरी ठेवली.

"मी इथेच आहे," ती म्हणाली. "तुला वाटेल तेव्हा बस."

ऊन भिंतीवरून सरकत गेलं. दुसरी खुर्ची रिकामीच होती. कांचन उठली नाही.